नवजाताची श्रवणचाचणी : तपासणीनंतरचा हिशेब

जबलपूर शहरालगतच्या खमरिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, दारूगोळ्याची आयुध निर्माणी उभी राहिली. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर, ऑक्टोबर २०२१ पासून, हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. खडकी, देहूरोड, भंडारा, वरणगाव व चांदा येथील निर्माण्याही याच कंपनीकडे आहेत. अशा कारखान्यांतील कामगाराच्या कानाची दखल कायद्याने फार पूर्वीच घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश अधिसूचित व्याधींत होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने तर संपूर्ण बहिरेपण हे कमाईच्या क्षमतेचे १०० टक्के नुकसान मानले आणि दोन्ही हात गमावण्याच्या पंक्तीत त्यास बसविले. (बहिरी माणसे सर्वत्र कष्ट करून कमावतात, हे पाहता ही टक्केवारी त्यांच्यावर अन्याय करणारीच होती.) या कायद्यांची जागा आता नव्या कामगार संहितांनी घेतली असली, तरी प्रौढ, कमावत्या व्यक्तीच्या श्रवणशक्तीला मोजता येण्याजोगे मूल्य आहे हे तत्त्व कायम आहे.

त्याच वसाहतीत जन्मणाऱ्या बाळाचे कान तपासलेच पाहिजेत, असे सांगणारा कायदा मात्र देशात नाही. आहेत त्या योजना. कामगार ऐकू येत नसल्याची तक्रार करतो आणि तिची नोंद होते. अर्भकाला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी यंत्र लावून पाहावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्राने शंका दाखविल्यावर पुढील सहा महिने त्या बाळाचा पाठपुरावा करावा लागतो. यंत्रे खरेदी करणे सोपे आहे. पाठपुराव्याची बाजू मात्र अद्याप दुबळी आहे, आणि या कार्यक्रमाचे सारे अर्थशास्त्र तिच्यावरच अवलंबून आहे.

दृष्टीस न पडणारा दोष

जन्मजात बहिरेपण हजार जिवंत जन्मांमागे साधारणतः एक ते तीन बालकांत आढळते, असा जगभरचा अनुभव आहे. भारतातील काही पाहण्यांत हे प्रमाण याहून अधिक दिसले आहे. नवजात अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांमध्ये ते कित्येक पटींनी वाढते. महाराष्ट्रात वर्षाकाठी सुमारे १८ ते २० लाख बालके जन्मतात. हजारी दोन इतकेच प्रमाण धरले तरी एका राज्यात दरवर्षी ३,६०० ते ४,००० बालके हा दोष घेऊन येतात. २०११ च्या जनगणनेत देशातील ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद श्रवणदोष असलेल्या म्हणून झाली. त्यात वार्धक्यामुळे बहिरेपण आलेल्यांची संख्या मोठी असली, तरी जन्मतः ऐकू न येणाऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. त्यांच्या बाबतीत श्रवणशक्तीबरोबर भाषाही पणाला लागते.

जन्मजात व्यंगांपैकी अनेकांची चाहूल प्रसूतिगृहातच लागते. दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल अनुभवी सुईणीच्याही नजरेतून सुटत नाही. बहिरेपण दिसत नाही. बाळ रडते, अंगावर पिते, आईच्या मुद्रेकडे पाहून हसते. इतकेच नव्हे, तर पहिले काही महिने इतर बाळांप्रमाणेच हुंकारही देते. घरातील वडीलधारी मंडळी ताट वाजवून, टाळी देऊन किंवा खुळखुळा हलवून परीक्षा घेतात. ताट आपटले की जमीन व पाळणा कंप पावतो, टाळीसरशी वाऱ्याची झुळूक लागते, हाताची सावली हलते. बाळ दचकते आणि घर निश्चिंत होते. शिवाय सर्वच बालकांत बहिरेपण संपूर्ण नसते. फटाका ऐकू येणाऱ्या बालकाला आईचे सामान्य आवाजातील बोलणे ऐकू येतेच असे नाही. पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत शब्द फुटला नाही, तर ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला’ हे समाधान हाताशी असते. शंका पक्की होऊन मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचेतो तिसरे वा चौथे वर्ष उजाडलेले असते.

याला अडाणीपणा म्हणणे योग्य होणार नाही. इंग्लंडमध्येही आठव्या महिन्याच्या सुमारास परिचारिका बाळाचे लक्ष दुसरीकडे वेधून मागून आवाज करीत आणि ते मान वळविते का, हे पाहत. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या या पद्धतीतूनही अनेक बालके निसटत, म्हणून २००१ पासून तेथे जन्मानंतर लगेच यंत्राने चाचणी करण्यास प्रारंभ झाला आणि २००६ पर्यंत तिचा विस्तार देशभर झाला.

घाई कशाची, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मेंदूतील भाषेची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत होते आणि ती कानावर किंवा डोळ्यांवर पडणाऱ्या भाषेच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. हा काळ रिकामा गेला तर नंतर दिलेले उत्तम श्रवणयंत्रही गेलेली वर्षे पूर्णतः भरून काढू शकत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ख्रिस्तीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० बालकांची तुलना करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा ठळकपणे सरस होती. बहिरेपण सौम्य असो वा तीव्र, घर संपन्न असो वा सामान्य, मूल बोलीने शिकत असो वा खुणांच्या भाषेने, हा लाभ टिकून होता. यानंतर एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारास आरंभ हे सूत्र जगभर मान्य झाले.

बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि नात्यातील विवाहांनी त्यात भर पडते. गर्भारपणी झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ, मेंदूज्वर व काही प्रतिजैविके यांचीही भूमिका असते. यांपैकी रुबेला लसीने टाळता येतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जन्मतः बहिऱ्या असणाऱ्या बालकांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत असा कोणताही धोक्याचा पूर्वेतिहास आढळत नाही. म्हणजे केवळ ‘जोखमीची’ बाळे निवडून तपासण्याची काटकसर केली, तर निम्मी बालके आरंभीच गमवावी लागतात.

कानाचा प्रतिध्वनी

लंडनचे डेव्हिड केम्प यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की निरोगी कान आवाज नुसता ग्रहण करीत नाही, तर स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशींच्या हालचालीतून तो उमटतो. याच शोधावर ‘ओएई’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी आधारलेली आहे. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, तिच्यातून टिकटिक असा आवाज सोडतात आणि परत येणारा प्रतिसाद त्याच नळीतील ध्वनिग्राहक टिपतो. काही मिनिटांत दोन्ही कान होतात. सुई नाही, गुंगीचे औषध नाही, आणि यंत्र ‘उत्तीर्ण’ किंवा ‘पुन्हा तपासा’ एवढेच सांगत असल्याने प्रशिक्षित परिचारिकाही ते हाताळू शकते.

दुसरी चाचणी ‘बेरा’. कपाळावर व कानामागे लहान विद्युतग्र चिकटवून आवाजाचा संदेश श्रवणनाडीतून मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचतो काय, हे तीत पाहिले जाते. ओएई ही कानापुरतीच साक्ष देते. नाडीतील बिघाड तिला कळत नाही. तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांत नेमका हाच बिघाड संभवतो. म्हणून अशा बाळांसाठी प्रथमपासून बेराच हवी. बेराचे यंत्र महाग असते, व निदानासाठी ती करावयाची झाल्यास श्रवणतज्ज्ञही लागतो. जुलै २०१७ मध्ये ‘सोहम’ हे संपूर्ण भारतीय बनावटीचे यंत्र सादर झाले. ते बेराच्याच तत्त्वावर प्राथमिक चाचणी करते, विजेरीवर चालते आणि सभोवतालचा गोंगाट गाळण्याची सोय त्यात आहे. आपल्या प्रसूतिकक्षांतील पंखे, भेटीस आलेले नातलग व शेजारच्या खाटेवरील रडणे लक्षात घेता ही सोय क्षुल्लक मानता येणार नाही.

ओएईची एक मर्यादा व्यवस्थापनाच्या दृष्टीने कळीची आहे. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत बाळाच्या कर्णमार्गात चिकट द्रव्य व मध्यकर्णात द्रव राहिलेला असतो. त्या काळात चाचणी केल्यास उत्तम ऐकणारी अनेक बाळेही ‘पुन्हा तपासा’च्या यादीत जातात. एक-दोन दिवस थांबल्यास ही यादी पुष्कळ आखडते. परंतु खाटांची टंचाई असणाऱ्या सरकारी रुग्णालयांत सुखरूप प्रसूती झालेल्या मातेला लवकर घरी पाठविण्याकडे कल असतो. त्यामुळे चाचणीची सोयीची वेळ आणि तिची योग्य वेळ यांत विरोध निर्माण होतो.

कोचीपासून पालघरपर्यंत

भारतात हे काम सर्वस्वी नवे नाही. कोची येथील बालरोगतज्ज्ञांनी २००३ मध्ये एक व्यवहार्य पद्धत सुरू केली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एकच यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी अनेक प्रसूतिगृहांत फिरू लागली. भांडवली खर्च वाटून घेण्याची ही युक्ती लहान रुग्णालयांचे जाळे असलेल्या महाराष्ट्रातील शहरांनाही लागू पडणारी आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये १० राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशातील २५ जिल्ह्यांत राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात आरंभिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. त्यात तपासावयाच्या व्याधींमध्ये जन्मजात बहिरेपणाचा समावेश करण्यात आला आणि पुढील निदानासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना ठरली.

या प्रयत्नांना अनुकूल अशी एक मोठी घटना दरम्यान घडून आली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, देशातील ३८.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ८८.६ टक्के झाले; मध्य प्रदेशात ते ९०.७ व महाराष्ट्रात ९४.७ टक्के होते. जे बाळ पूर्वी घरी जन्मत असे, ते आता जन्माच्या दिवशी यंत्राच्या आवाक्यात आले आहे. पहिली चाचणी करण्यातील मुख्य अडथळा यामुळे दूर झाला. उरला तो दुसऱ्या चाचणीचा.

हजार बाळांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. उपजिल्हा रुग्णालयात वर्षाला १,००० बाळे जन्मतात व त्यांपैकी २ जन्मतः बहिरी आहेत, असे मानू. सर्वांची ओएई चाचणी झाली आणि ९० बाळे ‘पुन्हा तपासा’ ठरली. ती दोन बाळे यांतच आहेत. काही आठवड्यांनी ही ९० बाळे परत आली, तर कान स्वच्छ झाल्याने ८० उत्तीर्ण होतील आणि १० उरतील. त्यांची बेरा झाली की दोन निदाने हाती येतील. आकडे गृहीत असले तरी त्यांचा घाट वास्तवातला आहे.

आता प्रत्येक टप्प्यावर निम्म्याच माता परत आल्या, असे समजू. ९० पैकी ४५ बाळे येतील, म्हणजे सरासरीने दोनपैकी एकच बहिरे बाळ दुसऱ्या चाचणीपर्यंत पोहोचेल. तेथूनही निम्मीच बेरापर्यंत गेली, तर हजार जन्मांमागे निदानाचे प्रमाण अर्ध्या बाळावर येते. दोन वर्षे कार्यक्रम राबवून चार बालकांऐवजी एक सापडते. या सगळ्यात यंत्राची किंमत तीच, कर्मचाऱ्यांचे वेतन तेच, पहिल्या चाचणीचा खर्चही तोच. प्रत्येक निदानामागील खर्च मात्र जवळपास चौपट होतो. मासिक अहवालात अर्थातच ‘१०० टक्के नवजातांची तपासणी पूर्ण’ अशी नोंद दोन्ही परिस्थितींत सारख्याच अभिमानाने होऊ शकते.

सीमांत खर्चाच्या भाषेत सांगावयाचे, तर अशा रुग्णालयाला दुसरे यंत्र देण्यापेक्षा या ९० मातांना परत आणण्यावर खर्च केलेला रुपया अधिक फळ देतो. वर्षाला ९० म्हणजे आठवड्याला दोघींहूनही कमी. एका कर्मचाऱ्याने आठवड्यातील एक सकाळ दूरध्वनी, आशा कार्यकर्तीला निरोप व बसभाड्याची व्यवस्था यांसाठी दिली तरी काम भागते. त्यातही घरी जाण्यापूर्वी दुसऱ्यांदा ओएई करून ही यादी ५० वर आणली, तर ओझे आणखी हलके होते. खोट्या शंकांची संख्या घटविण्याचा आणखी एक लाभ आहे. गावातल्या दहा जणींना विनाकारण हेलपाटा घडला की अकरावी घराबाहेर पडत नाही, आणि कदाचित तिचेच बाळ ऐकू न येणारे असते.

माहेर, सासर आणि हरवणारा पत्ता

माता परत का येत नाहीत, याची कारणे आपल्या समाजरचनेत आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून दृढ आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत माहेरचा पत्ता आणि वडिलांचा वा भावाचा दूरध्वनी क्रमांक लिहिला जातो. सव्वा-दीड महिन्याने, नेमक्या दुसऱ्या चाचणीच्या सुमारास, लेक सासरी निघते; ते गाव दुसऱ्या तालुक्यात, कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात असते. बारसे होईपर्यंत बाळाला नावही नसते, म्हणून नोंद आईच्या नावे ‘अमुकचे बाळ’ अशी होते, आणि सासरच्या आरोग्य केंद्रात तेच बाळ वेगळ्या नावाने, आईच्या बदललेल्या आडनावासह नव्याने नोंदले जाते. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांचे कुटुंब तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि गळीत हंगाम संपल्यावर परतते. बाळ कोपीत वाढत असते. त्याचा तपासणी कागद गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहतो.

खमरियासारख्या निर्माणीच्या वसाहतीत, जेथे कारखान्याचे स्वतःचे रुग्णालय आहे, कुटुंबाचा पत्ता निवृत्तीपर्यंत सहसा बदलत नाही आणि पगारपत्रकावर प्रत्येकाची नोंद असते, तेथे असा पाठपुरावा करणे सर्वांत सुलभ आहे. देशातील निर्माण्या, रेल्वे, पोलाद प्रकल्प व कोळसा खाणींच्या वसाहतींना केवळ इच्छाशक्तीच्या बळावर सहा महिन्यांचे सूत्र पाळता यावे. वसाहतीच्या कुंपणाबाहेर, बांधकामावर येणाऱ्या मजुराच्या वस्तीत, हे काम खरोखर अवघड होते.

आई नेमकी कोठे व केव्हा हमखास येते, हे शोधणे हा यावरील मार्ग आहे. नायजेरियातील लागोस शहरात बोलाजोको ओलुसान्या यांनी २००० नंतरच्या दशकात श्रवणचाचणी क्षयप्रतिबंधक लसीच्या केंद्रांवर नेली, कारण तेथील निम्म्याहून अधिक बाळे रुग्णालयात जन्मतच नव्हती, तरी लसीसाठी मात्र येत. आपल्याकडे जन्म रुग्णालयात होत असल्याने पहिली चाचणी तेथेच व्हावी. दुसरी मात्र लसीशी जोडता येईल. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार बाळाला ६, १० व १४ आठवड्यांना लस मिळते. सहाव्या आठवड्याला ओएई आणि चौदाव्यापर्यंत बेरा, असे बसविले तर तीन महिन्यांत निदानाचे सूत्र जवळपास पाळले जाते आणि मातेला निदान पहिला हेलपाटा वेगळा पडत नाही. आशा कार्यकर्ती नवजाताच्या गृहभेटींसाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जातेच. ४२ वा दिवस म्हणजेच सहावा आठवडा. या भेटीत ‘कान पुन्हा तपासले का’ हा एक प्रश्न आणि सासरच्या गावची नोंद यांची भर पडली, तर फार मोठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. अर्थात, आशा कार्यकर्तीवर कामांचा भार आधीच अवास्तव आहे. हे काम मोबदल्याशिवाय तिच्यावर लादले तर ते कागदावरच होईल.

खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या जागतिक श्रवण अहवालात, दुर्लक्षित श्रवणदोषांमुळे जगाचे वार्षिक नुकसान एक लाख कोटी डॉलरच्या घरात जाते आणि श्रवणसेवेवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे १६ डॉलरचा परतावा मिळतो, असे अनुमान मांडले. अशा जागतिक सरासऱ्या सावधपणे वापराव्यात हे खरे. परंतु त्या निम्म्या केल्या तरी गुंतवणूक किफायतशीर ठरते. मग ती होत का नाही? याचे उत्तर अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. चाचणीचा खर्च सार्वजनिक आरोग्य विभागाच्या लेखाशीर्षावर पडतो. वेळेवर भाषा आलेले मूल गावच्या शाळेत जाऊ लागले, तर बचत होते ती विशेष निवासी शाळांना अनुदान देणाऱ्या विभागाची, आणि तीही पाच-सात वर्षांनी. त्यापुढचा लाभ त्या कुटुंबाला आणि, पंचवीस वर्षांनी, कर गोळा करणाऱ्या खात्याला होतो. जो विभाग पैसा घालतो त्याच्या ताळेबंदात यांपैकी काहीच दिसत नाही. कर्णबधिरांच्या शाळांची परंपरा मुंबईत १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या महाराष्ट्रात, जिथे अशा अनुदानित शाळांचे जाळे मोठे आहे, हा हिशेब दोन विभागांनी एकत्र बसून मांडणे शक्य आहे. जिल्हा नियोजन समिती हे त्यासाठीचे स्वाभाविक व्यासपीठ होय.

कर्णसाचा आणि घड्याळ

निदान झाले म्हणजे काम संपले, अशी समजूत योजनांच्या आखणीत अनेकदा डोकावते. सर्वाधिक दृश्य साहाय्य कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेला मिळते. केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ या सहायक साधन योजनेत २०१४ च्या सुधारणेनंतर दरवर्षी ५०० बालकांसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतच्या इम्प्लांटची तरतूद झाली. १९८३ मध्ये वांद्रे येथे स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची समन्वयक आहे. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना व केरळात ‘श्रुतितरंगम’ अशा राज्यस्तरीय योजनाही आल्या. या शस्त्रक्रियांनी अनेक मुलांचे आयुष्य बदलले, यात शंका नाही. तथापि शस्त्रक्रियेपूर्वी श्रवणयंत्राचा उपयोग व्हावा लागतो, नंतर दीर्घ वाचाप्रशिक्षण लागते, आणि बाह्य यंत्राची वायर तुटली किंवा विजेरी संपली की लाखो रुपयांचे साधन तेवढ्यापुरते निरुपयोगी होते. अनुदानाची मर्यादा ठरविताना शस्त्रक्रियेचा आकडा मोठा दिसतो. पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा कुटुंबाच्या माथी राहतो.

खुणांच्या भाषेचाही विचार येथेच व्हावयास हवा. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. कोलोरॅडोच्या अभ्यासाचा निष्कर्ष पाहता, बाळाला वेळेवर कोणती तरी एक परिपूर्ण भाषा मिळणे निर्णायक असते; ती कानाने आली की डोळ्यांनी, हा प्रश्न त्यानंतरचा. श्रवणयंत्राची वाट पाहत भाषेविना गेलेले वर्ष दोन्ही मार्गांना महाग पडते. म्हणून निदानाच्या दिवशीच आईवडिलांना खुणांची ओळख करून देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बहुसंख्य बालकांसाठी साधन म्हणजे साधे श्रवणयंत्रच. त्याची सर्वांत कच्ची कडी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बाळाच्या कानात यंत्र बसते ते त्याच्याच कानाच्या मापाने घेतलेल्या मऊ साच्यावर. पहिल्या वर्षात कान झपाट्याने वाढतो व साचा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सैल होतो. सैल साच्यातून आवाज निसटून पुन्हा यंत्रात शिरतो व यंत्र शिट्टी वाजवू लागते. बाळ चिडते, आई ते काढून कपाटात ठेवते, आणि मोफत दिलेले साधन तेथेच राहते. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. केवळ साचा बदलण्यासाठी वर्षातून पाच-सहा वेळा हा प्रवास रोजंदारीवरील कुटुंबाने करावा, अशी अपेक्षा बाळगणारी योजना आपला निम्मा खर्च आगाऊच वाया घालविते. वस्तुतः कानाचा ठसा घेण्याचे साहित्य एका लहान पेटीत मावते. जिल्हा केंद्रातील श्रवणतज्ज्ञाने महिन्यातील एक ठरलेला दिवस उपजिल्हा रुग्णालयात घालवावा, ठसे शहरातील प्रयोगशाळेत टपालाने पाठवावेत आणि तयार साचे पुढील लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेने बसवून द्यावेत. मासिक अहवालात चाचण्यांच्या आकड्याशेजारी सहाव्या महिन्यापूर्वी यंत्र लागलेल्या बाळांचा आकडा लिहिण्यासाठी एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.